चवदार तळ्याचा दावा १० वर्षं चालला, वकील बाबासाहेब मागे हटले नाहीत

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की राज्यघटना डोळ्यासमोर येते. महाडचा सत्याग्रहही लहान पोरांपासून सगळ्यांना माहीत आहे. पण त्या सत्याग्रहानंतर कोर्टात जी लढाई झाली, ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. तळ्याचं पाणी एका दिवसात प्यायलं गेलं, पण त्या पाण्यावरचा हक्क कोर्टात शाबीत व्हायला १० वर्षं लागली. ज्यांनी बांधाच्या नाहीतर वाटपाच्या दाव्यात तारखा खाल्ल्या आहेत, त्यांना ही १० वर्षं काय असतात ते वेगळं सांगायला नको.

वकील म्हणून, आणि कायदा शिकवणारे मास्तर म्हणून, बाबासाहेब कसे होते, त्याची ही माहिती.

तहानेची आठवण

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, मध्य प्रदेशातल्या महू गावचा. घराणं मात्र कोकणातलं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचं. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. पेन्शन घेतल्यावर कुटुंब साताऱ्याला राहायला आले आणि भिवा तिथल्या शाळेत जाऊ लागला.

शाळेत बसायला घरून गोणपाट न्यायचे आणि इतर मुलांपासून वेगळे बसायचे. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळायचे. शिपाई जाग्यावर नसला की त्या दिवशी तहानलेलेच राहायचे.

१९०१ साली एक प्रसंग घडला. वडील तेव्हा गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून तिथे सरकारने तलाव खोदायला काढला होता. सुट्टीत मुलं वडिलांना भेटायला निघाली आणि रेल्वेने मसूर स्टेशनला उतरली. वडिलांना पत्र मिळाले नव्हते, त्यामुळे घ्यायला कोणी आलेच नाही. पोरं महाराची आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची आणि तो शेजारून पायी चालणार, या अटीवर. वाटेतच रात्र काढावी लागली. सोबत भाकरतुकडा होता, पण पाण्याचा थेंब कुणी दिला नाही. बाप दुष्काळी कामावर तलाव खोदून घेतोय आणि त्याचीच लेकरं वाटेत पाण्यावाचून तडफडतायत, अशी ती गोष्ट. बाबासाहेबांनी पुढे ती स्वतः लिहून ठेवली.

कर्ज काढून वकिली

पुढचे शिक्षण मुंबईत झाले. १९०७ ला मॅट्रिक, मग एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून १९१६ ला लंडनला जाऊन बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धे टाकून परत यावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पै पै साठवली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पैसे उसने दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले.

१९२३ मध्ये मुंबईला आले तेव्हा हातात मोठ्या पदव्या होत्या, पण वकिलीची सनद काढायला पैसे नव्हते. तेही भथेनांनीच दिले.

सनद मिळाली म्हणून पक्षकार दारात उभे राहतात असे नाही. तेव्हा मुंबई हायकोर्टात बॅरिस्टरला मोठी कामे मिळायची ती सॉलिसिटरच्या हातून. सॉलिसिटर पक्षकाराचे कागद तयार करणार आणि बॅरिस्टर कोर्टात बोलणार. ही सॉलिसिटर मंडळी आपापल्या ओळखीतल्या, जातीतल्या, श्रीमंत घरातल्या बॅरिस्टरांकडे कामे पाठवायची. अस्पृश्य बॅरिस्टरकडे कोण पाठवणार? म्हणून बाबासाहेबांनी अपिलांची आणि जिल्हा-तालुक्याच्या कोर्टातली कामे धरली. परळच्या दामोदर हॉलजवळ त्यांचे ऑफिस होते. तिथे गिरणी कामगार, गावाकडचे महार, चांभार, छोटे शेतकरी आपली गाऱ्हाणी घेऊन यायचे. कुणाकडे फी असायची, कुणाकडे नसायची.

घरखर्चाला हातभार म्हणून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवायचे. घरात रमाबाई काटकसरीने संसार ओढत होत्या. १९२६ च्या जुलैत लहानगा राजरत्न गेला. पाच मुलांपैकी एकटा यशवंत वाचला.

अशा दिवसातही वकिली थांबली नाही. त्याच वर्षी देशाचे दुश्मन या पुस्तकाची केस पुण्यात गाजत होती. दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या सोबत्यांना खालच्या कोर्टाने शिक्षा दिली होती. अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि मंडळी सुटली. पुढे १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर समाजस्वास्थ्य मासिकातल्या लेखनावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हाही वकीलपत्र बाबासाहेबांनीच घेतले. स्त्री-पुरुषांच्या आरोग्याची माहिती छापणे म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी बाजू त्यांनी मांडली. ती केस ते हरले, कर्व्यांना दंड झाला. आज तीच माहिती सरकारी दवाखान्यात भिंतीवर लावलेली असते.

तळे कुणाचे?

आता मूळ दाव्याकडे येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सांभाळली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव होता. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात तिथे पाणी भरायची कुणा अस्पृश्याची हिंमत होत नव्हती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते त्यासाठी राबले होते. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधरपंत सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळीही सोबत होती. २० तारखेला बाबासाहेबांच्या मागे हजारो लोक रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर हे लोक आता देवळात शिरणार अशी अफवा उठली. परतीच्या वाटेवर असलेल्या माणसांना मारहाण झाली. पुढे तळे बाटले म्हणून शेणगोमूत्राने शुद्धही केले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला.

बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. तेवढ्यात १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी कोर्टात दावा लावला. प्रतिवादी म्हणून खुद्द बाबासाहेब, सीताराम शिवतरकर आणि त्यांचे काही सहकारी. दाव्यातले म्हणणे असे, की हे तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी त्याला हात लावायचा नाही ही वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

इथे बाबासाहेबांची खरी परीक्षा होती. २५ डिसेंबरला महाडला हजारो लोक जमले होते, जेलमध्ये जायची तयारी करून आले होते. पाणी प्यावे तर कोर्टाचा हुकूम मोडतो. न प्यावे तर आलेली माणसं हिरमुसतात. बाबासाहेबांनी लोकांना समजावले आणि सत्याग्रह पुढे ढकलला. त्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून लोक परत आले, पण पाण्याला कुणी हात लावला नाही. आपली बाजू कायद्याची आहे, तर कायद्याच्याच वाटेने ती शाबीत करायची, असा तो निर्णय होता. आलेल्यातल्या अनेकांना तो पटायला जड गेला असणार.

सन १९२७ ते १९३७

पुढे तारखा सुरू झाल्या. २३ फेब्रुवारी १९२८ ला मनाई हुकूम उठला. पण मूळ दावा चालूच राहिला. साक्षी झाल्या, जुने कागद निघाले, नगरपालिकेचे दप्तर तपासले गेले. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. वादींनी ठाण्याच्या जिल्हा कोर्टात अपील केले, ते ३० जानेवारी १९३३ ला फेटाळले गेले. मग प्रकरण हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अपील फेटाळले. २० मार्च १९२७ पासून मोजले तर तीन दिवस कमी, बरोबर १० वर्षे.

हा निकाल कशावर लागला, ते गावच्या माणसाने नीट समजून घेण्यासारखे आहे. कारण आजही पाणंद रस्ता, गावठाणातली विहीर, स्मशानभूमीची वाट यावरून असेच वाद होतात.

पहिला मुद्दा मालकीचा. तळे कुणी खासगी माणसाने बांधले आणि ते त्याच्या मालकीचे आहे, असा पुरावा वादींना देता आला नाही. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले ठरले.

दुसरा मुद्दा वहिवाटीचा. वहिवाट आहे असे जो म्हणतो, त्यानेच ती सिद्ध करायची असते. नुसते आमच्या आठवणीत असेच चालत आले आहे, एवढ्याने भागत नाही. ती फार जुनी, अखंड आणि ठाम असावी लागते. अस्पृश्य तळ्यावर येत नव्हते हे खरे, पण त्यांना रोखण्याचा हक्क कायद्याने कुणाला होता, हे त्यातून सिद्ध होत नाही. अनादी काळापासूनची वहिवाट शाबीत झाली नाही, असे हायकोर्टाने ठरवले.

एक गोष्ट मात्र कोर्टाने केली नाही. अशी वहिवाट सिद्ध झालीच असती, तर ती मुळात न्यायाची आहे का, या प्रश्नात न्यायाधीश शिरले नाहीत. पुरावाच नाही म्हटल्यावर तिथपर्यंत जायची गरज उरली नव्हती. म्हणजे तळे मोकळे झाले, पण शिवाशिव पाळणेच बेकायदा आहे असे सांगणारा कायदा देशात अजून नव्हता. तो बाबासाहेबांना पुढे लिहावा लागला.

वर्गातले बाबासाहेब

हा दावा चालू असताना बाबासाहेब कायदा शिकवतही होते. जून १९२८ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात ते अर्धवेळ प्राध्यापक झाले. म्हणजे कोर्टात प्रतिवादी आणि वर्गात मास्तर. नंतर १ जून १९३५ रोजी ते त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याच्या अवघ्या चार-पाच दिवस आधी, २७ मे रोजी, रमाबाई गेल्या होत्या. दुःख गिळून माणूस कामावर हजर झाला. १९३८ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले.

पुराव्याचा कायदा, मुदतीचा कायदा, मालमत्ता हस्तांतराचा कायदा अशा विषयांवरची त्यांची टिपणे पुढे सरकारने छापली. १९३६ मध्ये कॉलेजच्या मासिकात कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावर त्यांनी लेखही लिहिला. त्यांच्या मते कायद्याच्या मुलाला मूळ तत्त्वे पक्की यायला हवीत, नीट विचार करता आणि मुद्दा नीट मांडता यायला हवा, आणि ज्या समाजात कायदा वापरायचा त्या समाजाची जाणही हवी. कलमे पाठ करून पास झालेला वकील लोकांच्या कामाचा नाही, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून ओळखले होते.

आज जगभरच्या लॉ कॉलेजात एक पद्धत रुजली आहे. डॉक्टरकीची मुले जशी दवाखान्यात पेशंट बघून शिकतात, तशी कायद्याची मुले गरिबांची खरी प्रकरणे हाताळून शिकतात. सोबत अनुभवी वकील किंवा प्राध्यापक असतो. गरिबाला फुकट सल्ला मिळतो आणि मुलाला कायदा समजतो. बाबासाहेबांच्या काळात आपल्याकडे अशी सोय नव्हती. पण परळच्या ऑफिसात येणारी माणसे, महाडची केस आणि लॉ कॉलेजचा वर्ग, हे तिन्ही त्यांच्या एका आयुष्यात एकत्र आले होते.

१९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांना यावे म्हणून तिथले वर्ग सकाळी भरायचे. १९५६ मध्ये सोसायटीचे लॉ कॉलेजही सुरू झाले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

शेतकऱ्यांचे वकीलपत्र

हायकोर्टाचा निकाल लागला त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे बिल मांडले. कोकणात खोत सरकारला सारा भरायचा आणि कुळांकडून मनाला येईल तसे वसूल करायचा. राबणाऱ्याच्या हातात कागद नाही, आणि कागद नाही म्हणून कोर्टात उभे राहायला जागा नाही. रायगडातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ पासून संप केला होता, जमिनी पडीक ठेवल्या होत्या. त्यांच्या पाठीशीही बाबासाहेब उभे राहिले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्या चळवळीत कुळे मराठा, आगरी, कुणबी, महार अशी सगळ्या जातींची होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

ते बिल तेव्हा पास झाले नाही. १९३९ मध्ये कुळांना थोडे संरक्षण देणारा कायदा आला आणि खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने. महार वतनाचेही तसेच. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी त्यावर बिल आणले होते. कनिष्ठ वतने संपवणारा कायदा झाला तो १९५८ चा, त्यांच्या मृत्यूनंतर.

घटनेत आलेले तळे

स्वातंत्र्यानंतर ते देशाचे पहिले कायदामंत्री झाले आणि ऑगस्ट १९४७ मध्ये घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष. २६ जानेवारी १९५० पासून घटना लागू झाली.

घटनेचे कलम १५ काढून बघा. सरकारी पैशाने सांभाळलेल्या किंवा लोकांसाठी असलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते वापरायला कुणालाही जातीवरून अडवता येणार नाही, असे त्यात आहे. कलम १७ ने अस्पृश्यताच बंद केली. हायकोर्टाने १९३७ मध्ये जो प्रश्न बाजूला ठेवला होता, त्याचे उत्तर इथे आले. आज कुणी वहिवाटीचे कितीही पुरावे आणले तरी जातीवरून पाणवठा बंद करता येत नाही. कलम २२ ने अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घ्यायचा हक्क दिला. हक्कावर गदा आली तर थेट सुप्रीम कोर्टात जायची वाट कलम ३२ ने ठेवली.

पण वकील करायला पैसे नसतील तर? गरिबाला मोफत कायदेशीर मदत मिळावी, हे कलम ३९ अ मध्ये १९७६ च्या घटनादुरुस्तीने आले. त्यासाठी १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो १९९५ पासून लागू झाला. आता लॉ कॉलेजातही प्रात्यक्षिकाचे पेपर सक्तीचे आहेत आणि कायदा साहाय्य केंद्र असावे असा बार कौन्सिलचा नियम आहे.

वाचकांसाठी उपयोगाचे

मोफत वकील मिळण्याचा हक्क महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेले, या सर्वांना आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तीत सापडलेल्यांनाही ही मदत मिळते. नुकसानभरपाईचे प्रकरण अडकलेल्या शेतकऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. बाकीच्यांना सरकारने ठरवलेल्या उत्पन्नाच्या मर्यादेत मदत मिळते.

त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा. साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्जही चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितले तरी तिथे लिहून घेतात. १५१०० हा टोल फ्री नंबर देशभर चालतो. लोकअदालतीत प्रकरण मिटले तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील होत नसल्याने वाद तिथेच संपतो.

महाडच्या दाव्यातल्या प्रतिवाद्यांमध्ये एक जण स्वतः बॅरिस्टर होता, म्हणून ते १० वर्षे टिकले. ज्याच्या घरात कुणी बॅरिस्टर नाही, त्याच्यासाठी ही सोय केलेली आहे. गावात कुणाची तारीख असेल आणि वकिलाला द्यायला पैसे नसतील, तर त्याच्यापर्यंत ही माहिती जरूर पोहोचवा.